गिरणीतलं दळण आणि डब्लिनमधला साबण : 'युलिसिस'मधले संदर्भ कसे हेरावेत

तांदूळ निवडताना आपण दाणा न् दाणा बघत नाही. ताटात पसरलेल्या पांढऱ्यावर नजर नुसती फिरत असते. खडा आला की बोट आपोआप थांबतं. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीतले संदर्भ, म्हणजे दुसऱ्या ग्रंथांचे, गाण्यांचे, गोष्टींचे दडवलेले धागेही याच रीतीने सापडतात, हे मला कळलं ते एका रविवारी. त्या दिवशी माझ्यापुढे पाच किलो कोलम होता आणि मी तो सोडून पुस्तक निवडत बसले होते.

"तांदूळ झाले का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"होतायत आई."

खोटं बोलले नाही. काहीतरी निवडणं चालूच होतं.

हे पुस्तक दोनदा उघडून दोनदा माळ्यावर टाकलेल्यांसाठी मी हे लिहितेय. इंग्रजी वर्तमानपत्र अडखळत वाचता येत असलं तरी भागतं. होमर, शेक्सपिअर, लॅटिन काही आलं पाहिजे असं नाही. मलाही येत नव्हतं. घरात टाळण्याजोगं एखादं काम मात्र हवं. कामं उरकून मोकळ्या मनाने वाचायला बसलात तर तिसऱ्या पानावर डोळा लागतो, हा स्वानुभव.

आधी काम निवडा

मुंबईत सगळीच कामं टाळता येत नाहीत. पहाटे पाण्याची वेळ चुकवलीत तर दिवसभर समुद्रावर भरकटलेल्या ओडिसिअसपेक्षा वाईट हाल होतात. गॅसवरचं दूध टाळू नका. माळा, कपाटातले कागद बदलणं, इस्त्री, दळण, तांदूळ ही मात्र उत्तम कामं. ती कुठे पळून जात नाहीत आणि मनाला जी बारीक टोचणी लावतात, तिने डोळे उघडे राहतात.

हात गुंतलेले आणि कान मोकळे अशी काही कामं असतात, उदाहरणार्थ लसूण सोलणं किंवा कपड्यांच्या घड्या. ती टाळू नका. आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीने १९८२ साली ही अख्खी कादंबरी नटांकडून वाचून घेतली. ते ध्वनिमुद्रण तीस तासांच्या आसपास आहे आणि इंटरनेटवर ऐकता येतं. वाचताना अगम्य वाटणारं अर्धं पुस्तक कानांना सहज कळतं. अकराव्या प्रकरणाची सुरुवात म्हणजे नुसते तुकडे, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. डोळ्यांना तो कचरा वाटतो. मी ती लसूण सोलताना ऐकली तेव्हा ध्यानात आलं, मैफलीआधी वाद्यं जुळवताना होतो तसा हा आवाज आहे. ते तुकडे पुढे त्याच प्रकरणात पूर्ण वाक्यांत परत येतात.

प्रत आणि प्रकरणांची नावं

जॉइस १९४१ साली गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे पुस्तक फुकट उतरवून घ्यायला काही अडचण नाही. मी मात्र फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेली प्रत वापरते, कारण पेन्सिल लागते.

बहुतेक नवखे एका जागी हमखास अडकतात. १९२२ साली पॅरिसमध्ये पुस्तक निघालं तेव्हापासून त्यात अठरा प्रकरणं आहेत, पण प्रकरणांना नावं नाहीत. लोक 'कॅलिप्सो', 'सायक्लॉप्स' म्हणतात ती नावं जॉइसने मित्रांना दिलेल्या तक्त्यांतून आली. त्यातला एक तक्ता त्याचा मित्र स्टुअर्ट गिल्बर्ट याच्या १९३० च्या पुस्तकात बाहेर पडला. ही अठरा नावं शोधून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. संपूर्ण पुस्तकाचा सांगाडा ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याचा आहे आणि या नावांविना तो दिसत नाही.

ओडिसी वाचली नसेल तर तूर्त एवढं पुरे: ट्रॉयचं युद्ध संपवून ओडिसिअस समुद्रावर भरकटत घरी निघालाय. मुलगा टेलेमॅकस बापाची वाट बघतोय. बायको पेनेलोपी मागणी घालणाऱ्यांना टाळण्यासाठी दिवसा विणते आणि रात्री उसवते. युलिसिस हे ओडिसिअसचंच रोमन नाव. जॉइसने हा वीस वर्षांचा विरह आणि प्रवास डब्लिन शहरातल्या एका दिवसात, १६ जून १९०४ या तारखेत बसवला. ओडिसिअसच्या जागी जाहिराती गोळा करणारा लिओपोल्ड ब्लूम, टेलेमॅकसच्या जागी मास्तरकी करणारा स्टीफन आणि पेनेलोपीच्या जागी ब्लूमची गायिका बायको मॉली.

पेनेलोपीचं मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रात्री उसवायचंच होतं तर दिवसा विणलं कशाला? दुखतंय म्हणून पडून राहायचं."

चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करा

पहिली तीन प्रकरणं स्टीफनची आहेत. तो हुशार आहे, दुःखात आहे आणि हुशार दुःखी माणसासारखाच सारखा पुस्तकांतून बोलतो. तिसरं प्रकरण तर समुद्रकिनाऱ्यावर फिरताना त्याच्या डोक्यात काय चाललंय याचंच आहे, आणि तिथेच निम्म्या वाचकांची बोट बुडते. चौथ्या प्रकरणात घड्याळ पुन्हा सकाळच्या आठवर जातं आणि ब्लूम स्वयंपाकघरात दिसतो. तिथे शिरा, मागची तीन प्रकरणं नंतर वाचा. कुणी विद्वान रागावले तर रागावू देत.

ब्लूम काय करतोय? बायकोसाठी चहा-पाव, मांजरीला दूध, कोपऱ्यावरच्या दुकानातून मूत्रपिंडाची खरेदी. ते तव्यावर टाकून तो वरच्या खोलीत गप्पा मारत बसतो आणि खाली ते करपतं. घरचाच माणूस वाटला मला. कामं टाळून मी जे पुस्तक वाचायला घेतलं, त्यात सातशे पानं एक माणूस कामंच करत हिंडतो, हे कळल्यावर आधी फसवल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की किल्ली इथेच आहे. या कादंबरीतले मोठे संदर्भ कामांच्या आत दडवलेले आहेत. कुणी दाढी करतोय, न्याहारी करतोय, साबण विकत घेतोय असं आलं की वेग कमी करा.

याच प्रकरणात मॉली अंथरुणात पडून एका पुस्तकातला शब्द नवऱ्याला विचारते: मेटेमसायकोसिस. तो समजावतो, ग्रीक शब्द आहे, आत्म्याचं एका देहातून दुसऱ्यात जाणं. ती वैतागते, सोप्या भाषेत सांग म्हणते.

हे मी मोठ्याने वाचत होते. आतून आवाज आला, "पुनर्जन्म म्हण की सरळ!"

इंग्रज वाचकाला इथे टीप लागते, आईंना लागली नाही. आणि हा शब्द जॉइसने गंमत म्हणून ठेवलेला नाही. ओडिसिअसने ब्लूम म्हणून जन्म घेतलाय, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नाही. पुढे हा शब्द तुटक्यामुटक्या रूपात ब्लूमच्या डोक्यात दिवसभर घोळत राहतो. दिसला की समासात खूण करा, आठदहा तरी होतील.

खडा दिसतो कसा

संदर्भ हेरण्याची सवय आपल्याला आहेच, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, "साहेबांच्या नोटचा कुणीतरी ध चा मा केला," तर आपण व्याकरणाचा विचार करत नाही. १७७३ साल, नारायणराव पेशव्यांचा खून, पत्रातलं 'धरावे' खोडून 'मारावे' करणाऱ्या आनंदीबाई, हे सगळं अर्ध्या क्षणात डोळ्यांपुढे येतं. घडलं तसंच की नाही ते इतिहासकार बघतील. तीन अक्षरांत अख्खी गोष्ट मावते ती ऐकणाऱ्याच्या पोटात आधीच असल्यामुळे. जॉइसने त्याच्या वाचकांच्या पोटातल्या गोष्टींवर भिस्त ठेवली. आपल्या पोटात त्या नाहीत, म्हणून आपल्याला नुसता खडा लागतो, गोष्ट आठवत नाही. पण खडा लागणं हीच सुरुवात.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे परकी भाषा. पहिल्याच पानावर बक मलिगन दाढीच्या फेसाचं भांडं घेऊन गच्चीवर येतो. भांड्यावर आरसा आणि वस्तरा आडवा-उभा ठेवलेला. भांडं उंच धरून तो एक लॅटिन वाक्य म्हणतो. मी ते वहीत उतरवून खोताच्या वाडीतल्या एका ओळखीच्या ख्रिस्ती आजींना दाखवलं. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये मिसा लॅटिनमध्ये व्हायची. चष्मा न लावता त्यांनी माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि पुढची ओळ स्वतः म्हणून दाखवली. "मी देवाच्या वेदीपाशी जाईन, असं पाद्री सुरुवातीला म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण हा दाढी करताना म्हणतोय?" आणि हसल्या. आडवा-उभा वस्तरा-आरसा म्हणजे क्रूस, फेसाचं भांडं म्हणजे पवित्र प्याला. टीपांच्या पुस्तकाने हे मला एका कोरड्या ओळीत सांगितलं असतं. आजींच्या हसण्यातून विटंबना कळली. म्हणून परकं वाक्य दिसलं की आधी माणूस शोधा, मग पुस्तक. या शहरात माणसं सापडतात.

दुसरी खूण म्हणजे वयाने मोठा शब्द. स्टीफनच्या मनात 'अ‍ॅगनबाइट ऑफ इनविट' असं काहीतरी सारखं येतं. सातशेच्या जवळपास वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी धर्मग्रंथाचं ते नाव, अर्थ साधारण 'सदसद्विवेकाचा डंख'. मरणाऱ्या आईने प्रार्थना करायला सांगितली आणि याने केली नाही, तो हा डंख. एखाद्या मराठी कादंबरीतला आजचा मुलगा अपराधी वाटलं की मनाशी महानुभावी गद्यातला शब्द पुटपुटू लागला, तर कसं थांबायला होईल? तसंच इथे थांबायचं.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे चुकलेलं अवतरण. मॉली मोत्झार्टच्या 'डॉन जिओव्हानी' ऑपेरातलं एक युगुलगीत म्हणणार आहे. गाण्यातला सरदार एका खेडवळ नवरीला फूस लावतोय आणि ती म्हणते, 'यावंसं वाटतं आणि वाटतही नाही.' ब्लूम ही ओळ दिवसभर आठवतो आणि चुकीची आठवतो. पहिल्या 'वाटतं'च्या जागी 'हवंय' असा शब्द घालतो. वर त्याला काळजी, मॉलीला तो 'हवंय' नीट उच्चारता येईल का? त्याच दुपारी मॉलीकडे बॉयलन नावाचा माणूस येणार आहे आणि ब्लूमला ते माहीत आहे. एका क्रियापदाच्या चुकीत त्याची सगळी भीती बाहेर आलीय. म्हणून पात्राने कविता, गाणं, म्हण काहीही उद्धृत केलं की मूळ ओळ काढून ताडून बघाच. जुळली तर ठीक. नाही जुळली तर खुर्ची पुढे ओढा.

सांगाडा बघायला बारावं प्रकरण

होमरची समांतर गोष्ट कशी चालते हे एकाच जागी बघायचं तर बारावं प्रकरण घ्या. ओडिसीत एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत ओडिसिअस अडकतो, तापलेली दांडी त्याच्या डोळ्यात खुपसून निसटतो आणि राक्षस मागून कडा फेकतो. ("बकासुरच की," इति आई. भीमाने डोळा नाही फोडला, पण राक्षसाच्या दारात एकट्याने जाणं तेच.) इथे गुहेच्या जागी दारूचा गुत्ता आहे. राक्षसाच्या जागी 'नागरिक' म्हणवणारा एक कडवा देशभक्त, ज्याला एकच बाजू दिसते. तापल्या दांडीच्या जागी ब्लूमच्या हातातली चिरूट. शेवटी ब्लूम ज्यू असल्यावरून भांडण पेटतं आणि पळणाऱ्या गाडीमागे कडा नाही, बिस्किटांचा डबा येतो. प्रकरणाच्या पहिल्याच ओळींत धुराडी साफ करणारा एक जण जाता जाता आपली दांडी निवेदकाच्या डोळ्यात घालता घालता राहतो. नाव माहीत नसेल तर हे नुसतं वाक्य आहे. मुखपृष्ठाच्या आत 'सायक्लॉप्स' लिहिलं असेल तर हसू फुटतं.

आपल्याला आधी दिसणारे खडे

याच प्रकरणात मला जे सापडलं त्यासाठी मी दोन दिवस गाद्यांच्या खोळी बदलल्या नाहीत. त्या सकाळी पुरलेल्या पॅडी डिग्नमचा आत्मा बोलावला जातो, प्लँचेटसारखं. तो 'प्रालाया'च्या वाटेवर असतो. वरच्या जगात घरोघरी सोयी आहेत म्हणे: 'तालाफाना', 'आलावातार', 'हाताकाल्दा', 'वाताक्लासात'. प्रत्येक स्वरावर आडवी रेघ, संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहितात तशी. मोठ्याने म्हणा. टेलिफोन, एलिव्हेटर, हॉट-कोल्ड, वॉटर क्लोजेट! प्रलय तेवढा खरा, बाकी सगळे दाढी लावलेले इंग्रजी शब्द. ज्याने संस्कृत कधी कानाने ऐकलं नाही त्याला हा विनोद पोचायला वेळ लागतो. आपण एका दमात फुटतो.

जॉइस टवाळी करतोय थिऑसफीची, म्हणजे आत्मे, महात्मे, पुनर्जन्म मानणाऱ्या एका गूढपंथाची. त्या वेळच्या डब्लिनच्या कविमंडळींना तिने झपाटलं होतं. सातव्या प्रकरणात 'आकाशिक' नोंदी येतात, नवव्यात महात्मे, मांडी घालून बसलेले गुरू आणि गहाण टाकायला नेलेला पाली ग्रंथ. आता गंमत बघा. या पंथाचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले ते गिरगावात राहिले, मग ब्रीच कँडीला. त्यांचं मासिक त्याच वर्षी इथून सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस बाडबिस्तरा मद्रासजवळच्या अड्यारला हलला. डब्लिनचे कवी ज्या महात्म्यांपुढे डोळे मिटून बसत, त्यांचं दुकान काही काळ आमच्या गल्ल्यांत होतं. पंचवीसेक वर्षांनी स्टीफन त्यांना हसतो आणि मी त्याच गिरगावात खोळी न बदलता बसून हसते.

आणि तो आत्मा शेवटी काय निरोप देतो? हरवलेला दुसरा बूट अमुक खोलीत कमोडखाली आहे, जोडी चांभाराकडे पाठवा, पण फक्त तळवे बदला, टाचा अजून चांगल्या आहेत. मेल्यावरही काम सुटत नाही.

खोटे खडे

तीन प्रकरणं झाली की एक आजार जडतो: सगळीकडे संदर्भ दिसू लागतात. ब्लूमची मांजर 'म्यॉव' म्हणत नाही. जॉइस तिथे एम, के, जी, एन अशी व्यंजनं एकावर एक रचतो आणि पुढच्या खेपेला त्यात आणखी एक घुसडतो. मी अर्धा तास आयरिश शब्दकोश उपसला. आणि ती नुसती मांजर निघाली. आमच्या गॅलरीतली बोकी भुकेली असताना बरोब्बर तेच म्हणते.

उलटही होतं. ब्लूम एकाला वर्तमानपत्र देताना म्हणतो, मी हे टाकूनच देणार होतो. इंग्रजीत 'थ्रो अवे'. ऐकणारा समजतो, घोड्याची टीप मिळाली. त्या दिवशीच्या गोल्ड कपमध्ये 'थ्रोअवे' नावाचा घोडा खरंच धावला आणि वीसास एक भावाने जिंकला. हे काही जॉइसने रचलेलं नाही, १६ जून १९०४ ला घडलेलं आहे. गुत्त्यातली मंडळी ब्लूमवर उखडतात त्यामागे हेही आहे. त्याने टीप आपल्यापुरती ठेवून पैसे मारले, असा त्यांचा समज होतो. नवखा वाचक 'थ्रो अवे' बायबलात शोधायला जातो. संदर्भ बाहेरचा नाहीच, सात प्रकरणं मागचा आहे.

तेव्हा शंका आली की मी एवढंच विचारते: हे माहीत झाल्यावर प्रसंगाचा अर्थ बदलला का? मिसा कळल्यावर दाढी बदलली. चुकलेलं क्रियापद कळल्यावर ब्लूम बदलला. मांजर आहे तशीच राहिली. बदल नसेल तर समासातली खूण खोडा आणि पुढे चला.

टीपा कधी उघडायच्या

प्रकरण संपल्यावर, आधी नाही. डॉन गिफर्डचं टीपांचं जाडजूड पुस्तक आहे, ओळीनुसार सगळं सांगतं. कादंबरी आणि ते शेजारी ठेवून वाचणं म्हणजे कुणी आपल्यासाठी तांदूळ निवडत असताना नुसतं ताटाकडे बघत बसणं. आधी स्वतःच्या खुणा करा, मग ताडा. माझ्या पहिल्या फेरीत दहातले दोन बरोबर आले. आता सहा येतात.

चौदाव्या प्रकरणाला मात्र टीपा आधी घ्या, लाजू नका. प्रसूतिगृहातला प्रसंग आहे आणि बाळ पोटात वाढावं तशी भाषा वाढत जाते. जुन्या इंग्रजीपासून एकेका काळाच्या, एकेका लेखकाच्या शैलीची नक्कल करत शेवटी रस्त्यावरच्या बोलीत कोसळते. मराठीत कुणी लीळाचरित्राच्या गद्यात सुरुवात करून बखरीतून, निबंधमालेतून आणत शेवट कट्ट्यावरच्या शिव्यांत केला, तर आपण प्रत्येक वळण ओळखू. इथे ते वळण दाखवायला कुणीतरी लागतं.

घरात जमत नसेल तर फोर्टमधल्या एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या आहेत. स्टीफन सातव्या प्रकरणात दांतेच्या ओळी आठवतो आणि त्याच दांतेच्या महाकाव्याचं एक फार जुनं हस्तलिखित या इमारतीत जपलेलं आहे. ते काही बघायला मागू नका. पायरीवर बसून ते प्रकरण वाचलं की पुरे.

शेवटचं, साबणाचं. पाचव्या प्रकरणात ब्लूम औषधवाल्याकडे मॉलीचं लोशन बनवायला सांगतो, लिंबाच्या वासाचा साबण उचलतो आणि म्हणतो, नंतर येऊन लोशन नेतो. औषधवाला म्हणतो, तेव्हाच सगळे पैसे द्या. साबण दिवसभर त्याच्या खिशात जागा बदलत राहतो. त्यावर लक्ष ठेवा, कुठल्या खिशातून कुठल्या खिशात गेला ते लिहून ठेवा, फार मजा येते. लोशन आणायला तो जातच नाही.

मी सकाळी कामावर जाताना गव्हाचा डबा गिरणीत टाकलाय. गिरणी साडेआठला बंद होते. आता आठ वीस झालेत. आई दोनदा घड्याळाकडे बघून गेल्या आणि माझी सोळाव्या प्रकरणाची चार पानं राहिलीत.